आजोबांचे दोन रिपोर्ट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीने मला स्वयंपाकघरात बोलावून औषधांचा डबा दाखवला. आजोबांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या तीन स्ट्रिप्स त्यात जशाच्या तशा पडल्या होत्या. म्हणजे महिनाभर गोळी बंद! "तूच विचार बाई त्यांना. माझं ऐकायचे नाहीत," एवढं म्हणून आजी मोकळी झाली.

आमचे आजोबा ३१ वर्षं साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. वय ७४. ओसरीत पेपर वाचत बसले होते, मी विचारलं तर चष्मासुद्धा वर केला नाही.

"आठ महिने गोळी खाल्ली. वरच्या मजल्यावर जाताना धाप लागायची ती लागतेच. दोनदा थांबावं लागतं. मग ती खाऊन उपयोग काय? सांग की तू. इंजिनिअर होणार ना?"

मला उत्तर देता आलं नाही. व्हायवाला एक्स्टर्नलने कोर्सबाहेरचा प्रश्न विचारल्यावर आपला चेहरा होतो ना, तसा झाला असणार. मित्रहो, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं मला पुढे सहा-सात महिन्यांत सापडलेलं उत्तर आहे. मधे मी एक मोठा घोटाळा करून ठेवला, तोही सांगणार आहे. आधीच खुलासा करते, मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी, मेडिकलची नव्हे. त्यामुळे हे वाचून कोणी स्वतःची किंवा घरच्यांची औषधं बदलू नयेत!

मूळ घोळ असा झाला होता. धाप लागते म्हणून आजोबा डॉक्टरांकडे गेले. ईसीजी ठीक निघाला, रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टरांनी त्यासाठी गोळी दिली. आजोबांनी आपल्या मनाशी सरळ हिशोब मांडला: तक्रार धापेची, गोळी मिळाली, म्हणजे गोळी धापेची. रिपोर्टवर आकडे होते ते असे. एकूण कोलेस्टेरॉल २३८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २००, एलडीएल १६०, सगळे मिलीग्रॅम प्रति डेसिलीटर. गंमत म्हणजे बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल हे थेट मोजत नाहीत, काढतात. एकूणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. २३८ उणे ३८ उणे ४०, बरोब्बर १६०. हे सूत्र १९७२ सालचं, फ्रीडवाल्ड यांच्या नावाने ओळखलं जातं. आपण जर्नलमध्ये उत्तर आधी ठरवून मागे रीडिंग लिहितो, तसला प्रकार नाही हा!

सुट्टी संपवून हॉस्टेलवर परत आले आणि नेटवर शोधायला बसले: कोलेस्टेरॉल, फुप्फुस, म्हातारपण. आणि पहिल्याच रात्री घबाड हाती लागलं. अमेरिकेत बोस्टनला १९६३ सालापासून माजी सैनिकांच्या वार्धक्याचा एक दीर्घ अभ्यास चालू झाला. त्यातल्या आठशेच्या आसपास वृद्ध पुरुषांच्या फुप्फुसाच्या नोंदी घेऊन २००७ साली एक पेपर प्रसिद्ध झाला. स्टॅटिन न घेणाऱ्यांची फुप्फुसाची ताकद वर्षाला सरासरी २३.९ मिलिलीटरने घटत होती. स्टॅटिन, म्हणजे आजोबांच्या जातीची गोळी, घेणाऱ्यांची फक्त १०.९ मिलिलीटरने. निम्म्याहूनही कमी!

मी रात्री साडेदहाला घरी फोन लावला. "आजोबा, गोळी चालू करा. तिने फुप्फुसाचं म्हातारपण निम्म्यावर येतं. अमेरिकेत सिद्ध झालंय!" आजोबा म्हणाले, "असं म्हणतेस? बरं." दुसऱ्या दिवसापासून गोळी चालू. आजीने बाबांना सांगितलं, बाबांनी शेजाऱ्यांना सांगितलं, आणि मी आमच्या गल्लीत फुप्फुसतज्ज्ञ ठरले. असो.

हे "मिलिलीटर" काय आहेत ते आता सांगायला हवं. फुप्फुस मोजण्याचं यंत्र म्हणजे स्पायरोमीटर. लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या सर्जनने १८४६ साली पाण्यात उलट्या धरलेल्या घंटेसारख्या भांड्यात लोकांना फुंकायला लावलं आणि दोन हजारांवर माणसं मोजली. पूर्ण श्वास भरून जेवढी हवा बाहेर काढता येते, त्या मापाला त्याने "व्हायटल कपॅसिटी" हे नाव दिलं. व्हायटल म्हणजे प्राणाशी संबंधित. ही नुसती शोभेची पदवी नव्हती, हे पुढे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या अभ्यासात दिसून आलं. १९४८ साली ५२०९ माणसांवर तो सुरू झाला. हृदयविकाराच्या संदर्भात कोलेस्टेरॉलचं नाव आज घरोघरी पोचलंय, त्यात या गावाचा मोठा वाटा आहे. त्याच अभ्यासात व्हायटल कपॅसिटी कमी असणाऱ्यांना हृदयाचे आजार आणि मृत्यूचा धोका जास्त असल्याचं आढळलं. म्हणजे हे दोन आकडे एकाच गावाच्या वह्यांमध्ये तेव्हापासून शेजारी शेजारी नांदत आहेत.

आजकाल सगळ्यात जास्त बघतात ते पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली हे. त्याला एफईव्ही-वन म्हणतात. वरचे २३.९ आणि १०.९ हे आकडे त्याचेच. आणि मंडळी, वाईट बातमी अशी की ही ताकद साधारण विशी ते पंचविशीत सर्वोच्च असते. म्हणजे आपल्या वयात! यापुढे उतारच. बिडी-सिगारेटला कधी न शिवलेल्या माणसाचीही ती वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलीटर कमी होत जाते. फुप्फुसातले लवचिक धागे ढिले पडतात, जुन्या चड्डीचं इलॅस्टिक जातं तसे. बरगड्यांचे सांधे कडक होतात, श्वासाचे स्नायू थकतात. ५० वर्षांत असा सव्वा ते दीड लीटर जातो. धूम्रपान करणाऱ्यांपैकी अनेकांचा उतार याहून कितीतरी तीव्र असतो. फ्लेचर आणि पेटो यांनी लंडनच्या ७९२ कामकरी पुरुषांवरून १९७७ साली काढलेला आलेख या विषयात प्रसिद्ध आहे. सिगारेट सोडली की गेलेली ताकद परत येत नाही, पण उताराचा स्लोप पुन्हा सामान्य माणसासारखा होतो, असं तो सांगतो. आमच्या आजोबांनी बिडी १९९९ साली सोडली. त्याआधी पंचवीसेक वर्षं ओढली होती, आणि जोडीला कारखान्यातली बगॅसची धूळ आणि राख.

हे सगळं वाचत असतानाच आमच्या ग्रुपला फायनल इयरचा प्रोजेक्ट सुचला: स्वस्तातला स्पायरोमीटर. पाइपमध्ये बारीक जाळी, जाळीच्या दोन्ही बाजूंचा प्रेशर डिफरन्स मोजणारा सेन्सर, त्यावरून फ्लो, आणि फ्लोचं इंटिग्रेशन केलं की व्हॉल्यूम. आर्ड्युइनो, एक एलसीडी, झालं काम. पहिल्या ट्रायलला आमच्या ग्रुपमधल्या सर्वात बारीक मुलीची कपॅसिटी नऊ लीटर आली! घोड्याचीच म्हणायची. मग कळलं की लूपला प्रत्यक्षात लागणारा वेळ वेगळा आणि आम्ही प्रोग्राममध्ये धरलेला वेळ वेगळा. एका मेडिकल कॉलेजच्या फिजिऑलॉजी विभागाकडून तीन लीटरची कॅलिब्रेशन सिरिंज दोन दिवसांसाठी मिळाली, तेव्हा कुठे रीडिंग माणसात आलं.

फेब्रुवारीत ते यंत्र मी घरी नेलं. आजोबांनी तीनदा फुंकलं. एकूण २.४ लीटर, त्यातले पहिल्या सेकंदात १.३. भागाकार ०.५४. हा भागाकार ०.७० च्या खाली असेल तर श्वासनलिकांमध्ये अडथळा असल्याची शंका घेतात. माझ्या पोटात धस्स झालं. आमचं यंत्र विद्यार्थ्यांचं, त्यावर निदान थोडंच करणार? बाबांना सांगितलं आणि आजोबांना छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. अपॉइंटमेंट दोन आठवड्यांनंतरची मिळाली.

त्या दोन आठवड्यांत मी खरा अभ्यास केला. तोपर्यंत मी फक्त "गोळी घेतली, उतार कमी झाला" एवढंच वाचलं होतं. पण का? रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा फुप्फुसाशी संबंध काय?

इथे आपलं फ्लुइड मेकॅनिक्स उपयोगी पडतं. फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात, प्रत्येकाची त्रिज्या ढोबळमानाने ०.१ मिलिमीटर, आणि आतून ओलसर. म्हणजे प्रत्येक वायुकोश हा एक बुडबुडा. लाप्लासचं सूत्र आठवा, आतला दाब म्हणजे दोन गुणिले पृष्ठताण भागिले त्रिज्या. शरीराच्या तापमानाला साध्या पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०७ न्यूटन. आकडे घालून बघा, १४०० पास्कल येतात, म्हणजे पाण्याचा जवळपास १४ सेंटीमीटरचा हेड. श्वास सोडताना त्रिज्या निम्मी झाली तर २८ सेंटीमीटर! आणि आपण शांतपणे श्वास घेतो तेव्हा छाती जो ओढा लावते तो अवघा पाच ते आठ सेंटीमीटरचा. या हिशोबाने पहिला श्वास सोडल्यावर फुप्फुस मिटायला हवं आणि पुन्हा उघडायलाच नको. (प्रत्यक्षात वायुकोश सुटे बुडबुडे नसतात, एकमेकांना ओढून धरतात, पण पेपरात पाच मार्क मिळवायला एवढं पुरे.)

ते मिटत नाही, कारण त्या ओलाव्यावर एक स्निग्ध थर पसरलेला असतो. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. १९२९ साली कर्ट फॉन नीरगार्ड या डॉक्टरने फुप्फुसं एकदा हवेने आणि एकदा द्रवाने फुगवून पाहिली. द्रवाने फुगवताना दाब खूपच कमी लागला, कारण हवा-पाणी सीमाच उरली नव्हती. एवढा सुंदर प्रयोग, आणि पुढची पंचवीस वर्षं कोणी फारसं लक्षच दिलं नाही! १९५७ साली जॉन क्लेमेंट्स यांनी फुप्फुसातून काढलेला थर तराजूवर ताणून-दाबून पाहिला, तर आक्रसताना त्याचा पृष्ठताण झपाट्याने खाली येतो असं दिसलं. १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं की अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास न घेता आल्याने दगावतात, त्यांच्या फुप्फुसात हाच थर नीट नसतो.

या थरात बहुतांश फॉस्फोलिपिड, थोडी प्रथिनं आणि वजनाने पाच ते दहा टक्के कोलेस्टेरॉल असतं. होय, तेच कोलेस्टेरॉल! आणि ते तिथे चुकून आलेलं नाही. थरातलं मुख्य फॉस्फोलिपिड एकटं असतं तर ४१ अंशांच्या खाली घट्ट झालं असतं, थंडीत तूप थिजतं तसं. शरीराचं तापमान ३७. घट्ट थर दाबाखाली उत्तम टिकतो, पण श्वास घेताना पटकन पसरत नाही. दर मिनिटाला पंधरा वेळा आक्रसायचं आणि पसरायचं, तर त्यात वंगण हवं. ते काम इतर पातळ लिपिडांबरोबर कोलेस्टेरॉल करतं. ज्या प्राण्यांचं शरीर सुप्तावस्थेत थंड पडतं, त्यांच्यापैकी काहींच्या फुप्फुसात अशा वेळी कोलेस्टेरॉलचं प्रमाण वाढलेलं सापडलं आहे. निसर्गाने हिवाळ्यासाठी ग्रेड बदललेलं ऑइल!

पण प्रमाण बिघडलं तर? प्रयोगशाळेत सर्फॅक्टंटमध्ये कोलेस्टेरॉल सुमारे २० टक्क्यांपर्यंत वाढवलं, तेव्हा थर नीट जमेना आणि पृष्ठताण शून्याजवळ जाईना. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी जनावरांच्या फुप्फुसातून सर्फॅक्टंटचं औषध काढतात, त्यातल्या काही औषधांतून कोलेस्टेरॉल मुद्दाम काढून टाकलेलं असतं तर काहींत ठेवलेलं असतं. तज्ज्ञांचंही एकमत नाही, आपण कोण बोलणार.

हे कोलेस्टेरॉल येतं कुठून? फुप्फुसाच्या पेशी थोडं स्वतः बनवतात, पण बहुतेक रक्तातूनच उचलतात. म्हणजे पुरवठा रक्तातून. आणि निचरा? मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. वापरून जुना झालेला थर मॅक्रोफेज नावाच्या सफाई कामगार पेशी गिळतात. त्यातली फॉस्फोलिपिडं त्या मोडून टाकू शकतात. पण कोलेस्टेरॉलचा चार कड्यांचा सांगाडा आपल्या शरीरातली कोणतीही पेशी पूर्ण मोडू शकत नाही. ते उचलून बाहेरच काढावं लागतं. मॅक्रोफेजच्या भिंतीतले पंप ते बाहेर ढकलतात, एचडीएल ते रक्तातून यकृताकडे नेतं आणि तिथून ते पित्तावाटे जातं. सरळ मटेरिअल बॅलन्स आहे, आत आलेलं उणे बाहेर गेलेलं बरोबर साठलेलं. यातला एबीसीजी-वन नावाचा पंप नसलेले उंदीर तयार केले, तर वय वाढत गेलं तशी त्यांच्या फुप्फुसात चरबी साठत गेली, आणि मॅक्रोफेज फेसाळ दिसू लागले. माणसांतही एक दुर्मिळ आजार आहे, त्यात वायुकोश सर्फॅक्टंटने भरून जातात. तिथेही मूळ अडचण मॅक्रोफेजला कोलेस्टेरॉल बाहेर काढता न येण्याची आहे असं अलीकडे लक्षात आलं, आणि २०१८ साली त्यावर स्टॅटिन वापरून पाहिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

गंमत बघा, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जे घडतं त्यातही हेच फेसाळ मॅक्रोफेज. आपल्याला वाटतं, कोलेस्टेरॉल पाइपमध्ये गंजासारखं आतून चिकटतं. तसं नाही. एलडीएल भिंतीच्या आत शिरतं, मॅक्रोफेज ते गिळतात, फुगतात, आणि भिंतच जाड होते.

एवढं वाचून झाल्यावर मला तर खात्रीच पटली. वय वाढतं, मध्यमवयापर्यंत रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, निचरा मंदावतो, फुप्फुस बिघडतं, गोळी घेतली की उतार कमी. सर्किट पूर्ण! प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये हे सगळं घालावं म्हणून मी ताजे संदर्भ शोधायला बसले, आणि २०१४ सालच्या एका ट्रायलवर येऊन आदळले.

अमेरिका आणि कॅनडातल्या ४५ केंद्रांत सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या, ८८५ रुग्णांना घेतलं. वय ४० ते ८०. चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून निम्म्यांना रोज ४० मिलीग्रॅम सिमव्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोण काय घेतंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. मग आजार एकदम बळावण्याचे प्रसंग मोजले. गोळीवाल्यांत वर्षाला सरासरी १.३६, बिनऔषधवाल्यांत १.३९. फरक जवळजवळ शून्य. फुप्फुसाच्या मोजमापातही फरक नाही. यातून काही निष्पन्न होणार नाही असं दिसल्यावर ट्रायल मुदतीआधीच थांबवली.

मी ते पान तीनदा वाचलं. मग २००७ चा पेपर पुन्हा उघडला. तिथे कोणी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. जे आपणहून किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी घेत होते ते एका बाजूला, न घेणारे दुसऱ्या बाजूला. आता विचार करा, वर्षानुवर्षं न चुकता गोळी घेणारा म्हातारा कसा असतो? तो तपासणीला जातो, चालायला जातो, सिगारेट सोडतो, खाण्यावर लक्ष ठेवतो. मग फुप्फुस गोळीने टिकलं की त्या स्वभावाने? संशोधकांनी वय, धूम्रपान वगैरेंचा हिशोब वजा केला होता, पण स्वभावाचा आकडा कुठून आणणार? याची उलट बाजूही असते. खूप म्हाताऱ्या किंवा दीर्घ आजारी माणसाचं कोलेस्टेरॉल आजारामुळेच खाली घसरतं. मग "कोलेस्टेरॉल कमी, तब्येत वाईट" असा उलटाच संबंध दिसतो, आणि लोक म्हणतात, म्हातारपणी कोलेस्टेरॉल असलेलं बरं!

शिवाय मी जोडलेलं सर्किट. त्यातला एकेक घटक खरा आहे. फुप्फुसाला कोलेस्टेरॉल लागतं हे खरं, ते रक्तातून येतं हेही खरं, निचरा अडला की नुकसान होतं हे उंदरांत आणि त्या दुर्मिळ आजारात दिसलंय. पण रक्ताच्या रिपोर्टमधला २३८ हा आकडा आणि वायुकोशातल्या थराचं प्रमाण यांच्यात कितीतरी व्हॉल्व्ह आणि कंट्रोल लूप आहेत. मेन लाइनचं प्रेशर थोडं कमी केलं म्हणून शेवटच्या नळाचं पाणी त्याच प्रमाणात बदलतं का? मी सेन्सरचा कॅलिब्रेशन कर्व्ह काढायला सिरिंज मागून आणली, आणि इथे मात्र एका पेपरवर घरच्या माणसाला औषध सांगून बसले.

आजोबांना सांगणं भाग होतं. पण सांगितलं आणि त्यांनी गोळी पुन्हा बंद केली तर? माझ्याच तोंडून गेलेल्या खोट्या कारणावर ते इतके दिवस गोळी घेत होते. दोन दिवस मी फोन टाळला. आईला विचारलं तर ती म्हणाली, "डॉक्टरांकडे जायच्या आधी सांग, नंतर नको." शेवटी शनिवारी घरी गेले आणि ओसरीत बसून सगळं सांगितलं, १.३६ आणि १.३९ सकट.

आजोबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे स्टीम कमी येत होती म्हणून आपण फीड वॉटर सुधारलं. पाणी सुधारलं. स्टीम तेवढीच. कारण बिघाड ड्राफ्टला होता."

मी हो म्हटलं. (बॉयलरचा ड्राफ्ट म्हणजे भट्टीत हवा ओढून धूर बाहेर काढण्याची सोय, हे आपल्या कंप्युटरवाल्या मित्रांसाठी.)

"मग म्हणून काय फीड वॉटर सोडून देतात होय? एकदा आमच्याकडे कंडेन्सेटमध्ये साखर आली. अल्फा नॅफ्थॉलची टेस्ट पोराने केलीच नाही, म्हणाला स्टीम ठीक आहे की. फेस झाला, ट्यूबा गेल्या. पंधरा दिवस गाळप बंद."

मला सांगायचं होतं ते त्यांनीच सांगून टाकलं होतं. तरी मी माझी वही उघडली. त्या २०१४ च्या ट्रायलमध्ये ज्यांना हृदयासाठी किंवा मधुमेहासाठी स्टॅटिन हवंच होतं अशांना मुळात घेतलंच नव्हतं. त्यामुळे गोळी फुप्फुसासाठी निकामी ठरली, हृदयासाठी नव्हे. तिथला तिचा फायदा चिठ्ठ्या टाकून केलेल्या मोठमोठ्या ट्रायल्समध्ये दिसलेला आहे. फुप्फुसाच्या मुख्य रक्तवाहिन्यांत सरासरी दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आसपास, तर बाकी शरीरात नव्वदच्या पुढे. त्यामुळे भिंती जाड होण्याचा हा विकार फुप्फुसाच्या वाहिन्यांत सहसा होत नाही, हृदयाच्या वाहिन्यांत होतो. आणि फुप्फुस कमजोर असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो, कारण तंबाखू, धूर आणि शरीरातली धुमसती सूज ही कारणं दोघांची एकच. म्हणजे आजोबांना तर ती गोळी जास्तच गरजेची.

"हे डॉक्टरला विचारून सांगतेस का तुझ्या मनाने?" आजोबांनी विचारलं. झालं, गल्लीतलं माझं तज्ज्ञपद गेलं!

पुढच्या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांनी खऱ्या स्पायरोमीटरवर तपासलं, नळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन वीस मिनिटांनी पुन्हा तपासलं. भागाकार ०.५६. सीओपीडी. इनहेलर दिला, तो कसा ओढायचा हे दोनदा करून दाखवलं, रोज चालायला सांगितलं. कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल मी विचारायच्या आत आजोबांनीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, ती चालूच ठेवायची, ती वेगळ्या कामासाठी आहे. आजोबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा टेबलावर कारखान्याच्या लॉगबुकासारखी आखलेली वही दिसली. तारीख, सकाळचा इनहेलर, संध्याकाळचा इनहेलर, रात्रीची गोळी, प्रत्येकापुढे सही. आमच्या आजोबांनी ३१ वर्षं अशीच वही भरली आहे. रक्ताचा नवा रिपोर्ट शेवटच्या पानाला टाचणीने लावलेला, एलडीएल ९६. त्याच्या शेजारी स्पायरोमीटरचा कागद, पहिल्या सेकंदाला १.४ लीटर. म्हणजे तिथे फारसं काही हललं नव्हतं.

शेवटचा रकाना शेरा. बहुतेक दिवशी तिथे "नॉर्मल" लिहिलेलं होतं. १२ मे रोजी लिहिलं होतं, "जिना. एक थांबा."